मोजकं कपाट आणि मोजका पेहराव

कपाटातले निम्मे कपडे काढून टाकले की आपण मिनिमलिस्ट, म्हणजे मोजक्यात भागवणारे, झालो, असं बेळगावात हल्ली कॉलेजच्या पोरींपासून बँकेतल्या वहिनींपर्यंत बऱ्याच जणी म्हणतात. लगेच पुढे जोडतात, ‘माझी स्टाइल आता एकदम साधी आहे.’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली म्हणजे मोजकं कपाट, ज्याला फॅशनच्या जगात कॅप्सूल वॉर्डरोब म्हणतात. दुसरी म्हणजे मोजका पेहराव, माणसाची स्वतःची मिनिमलिस्ट शैली. एक आहे आणि दुसरी नाही, असं सर्रास घडतं. त्यांची गल्लत केली की पैसेही जातात आणि आपण आरशात स्वतःला ओळखू येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी कपाटाचं. ही कल्पना लंडनच्या सुझी फॉ या बाईंनी १९७० च्या दशकात आपल्या दुकानातून रुजवली. चांगल्या कापडाचे, नीट बसणारे, एकमेकांशी जुळणारे थोडेच कपडे घ्यायचे, म्हणजे दर हंगामाला नवी खरेदी करावी लागत नाही. पुढे १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डोना करन यांनी नोकरी करणाऱ्या बायकांसाठी मोजक्या सात कपड्यांवर आधारलेला संग्रह आणला आणि कल्पना जगभर गेली. आत सगळा हिशेब आहे. पाच टॉप, तीन पँट आणि दोन जॅकेटं, सगळी एकमेकांवर चालणारी, असतील तर दहा कपड्यांतून तीस वेगवेगळे पोशाख होतात. रंग फिके आणि सारखे ठेवायचे ते यासाठीच. एका जरी भडक नगाने हट्ट धरला तरी गुणाकार मोडतो. सकाळी घाईत डबा भरून बस गाठणाऱ्या बाईला या हिशेबाचा खरा उपयोग आहे. त्यात मला काही वावगं वाटत नाही.

पण हा हिशेब लंडन-न्यूयॉर्कच्या कपड्यांवर मांडलेला आहे आणि इथे आणला की दोन ठिकाणी अडतो. एक पाऊस. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर, घाटाच्या अगदी जवळ. जूनमध्ये लागलेली झड सप्टेंबरपर्यंत पुरते आणि खानापूरकडे तर विचारायलाच नको. पडवीतल्या दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस ओलसर राहतात, त्यांना कुबट वास धरतो. सुती चुडीदार आठवड्यात दोनदाच अंगाला लागणार असेल, तर पाच टॉपांवर भागत नाही. फोनवरच्या मोजक्या कपाटांत दिसणारी पांढरी पँट खानापूरच्या तांबड्या चिखलात एका दिवसात संपते. अथणीकडच्या काळ्या रानात आणखी वेगळे डाग. आकडा ठरवायचाच असेल तर तो आपल्या आभाळाकडे बघून ठरवावा.

दुसरी अडचण साडीची. साडी, परकर, ब्लाउज हा एक कपडा धरायचा की तीन? पँटवर कुठलाही शर्ट चालतो तशी साडीवर साडी चालत नाही. आपल्याकडे गुणाकार होतो तो चोळीचा. काळ्या किंवा गर्द मरून खणाची एक चोळी निम्म्या साड्यांवर जाते, हे आपल्या आज्यांना कुठल्याही यादीशिवाय माहीत होतं. तेव्हा साडी नेसणाऱ्या बाईने मोजकं कपाट करायचं तर साड्या कमी करण्याआधी ब्लाउज कमी करावेत. प्रत्येक साडीला तिच्याच कापडाचा ब्लाउज शिवायचा, ही सवय कपाटात सर्वांत जास्त जागा खाते.

आता पेहराव. मिनिमलिस्ट शैलीत कपडे किती हा प्रश्नच नाही. अंगावर काय राहू द्यायचं आणि काय नाही, हा प्रश्न आहे. रेषा, रंग, पोत आणि एखादी खूण, यांतलं काही ठरलेलं असतं, ते वर्षानुवर्षं टिकतं, आणि लांबून येणारा माणूस त्यावरून ओळखू येतो.

माझ्या आत्याबाईंचं कपाट उघडलं तर कुणी तिला मिनिमलिस्ट म्हणणार नाही. लुगडी वरपासून खालपर्यंत कोंबलेली. पण सगळी इरकली. अंगात खणाची चोळी, बाही कोपराच्या वर चार बोटं, गळ्यात काळी पोत, आणि बस्स. लग्न असो, बँकेत जायचं असो, जत्रा असो, फरक पडतो तो लुगडं सुती की रेशमी एवढाच. तिने एखाद्या दिवशी जॉर्जेटची साडी नेसली तर गल्लीतली माणसं तब्येत विचारायला येतील. याच्या उलट माझ्या ओळखीचा एक तरुण आहे. त्याच्याकडे मोजके कपडे, सगळे राखाडी, काळे, बेज, सगळे मॉलमधून एका दिवशी आणलेले. कपाट बघून समाधान वाटतं. पण तो मुलगा निपाणीचा आहे की नॉर्वेचा, शेतकऱ्याच्या घरातला आहे की कारखानदाराच्या, गाणारा आहे की गणित शिकवणारा, यातलं काहीच त्या कपड्यांत नाही. कपडे वाईट नाहीत, फक्त ते त्याचे झालेले नाहीत. आत्याबाईंकडे शैली आहे, कपाट मोजकं नाही. त्याच्याकडे कपाट मोजकं आहे, शैली अजून यायची आहे.

इरकलीवर थोडं थांबते, कारण मोजकेपणा म्हणजे फिकेपणा हा गैरसमज तिच्याइतका कुणी खोडत नाही. ती बागलकोट जिल्ह्यातल्या इळकल गावची, पण आपल्या सीमाभागात मराठी घरातही तितकीच नेसली जाते आणि कानडी घरातही. तिची रचना बघा. अंग साधं, एकरंगी किंवा बारीक चौकड्याचं. काठ ठसठशीत. पदर तांबडा, त्यावर पांढऱ्यात जोंधळ्याची कणसं, किल्ल्याचा तट, फणीचे दात अशा आकृत्या. अंगाचा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, आणि पदराचा ताणा वेगळे असतात आणि ते मागावर फासे अडकवून एकमेकांत गुंतवतात. म्हणजे सगळी नक्षी दोन जागी गोळा केली आणि बाकीचं सगळं अंग मोकळं सोडलं. याहून चांगला मिनिमलिझम मला तरी माहीत नाही, आणि तो डाळिंबी लाल आहे, पोपटी हिरवा आहे. बेज रंग आवडत असेल तर जरूर घाला. पण साधेपणासाठी बेज घालावा लागतो, हे फोनने शिकवलेलं आहे. बेळगावातच शहापूर, वडगाव, खासबागेत विणकरांची घरं आहेत. साधं अंग आणि बोलका काठ म्हणजे काय हे तिथे मागाजवळ उभं राहून पाहता येतं.

पेहरावात माणूस दिसतो म्हणजे काय, याचं सर्वांत ठळक उदाहरण आपल्याच गावात येऊन गेलं आहे. गांधीजींनी २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईत धोतर, सदरा, टोपी सोडून फक्त पंचा नेसायचं ठरवलं. गरिबांना स्वदेशी कापड परवडत नाही, मग मी अंगभर कसं नेसू, हा त्यामागचा विचार. त्यानंतर तीन वर्षांनी, डिसेंबर १९२४ मध्ये, टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं. त्यांनी अध्यक्षपद भूषवलेलं हे एकमेव अधिवेशन, आणि अध्यक्षांच्या अंगावर तोच पंचा होता. सभासदत्वासाठी पैशांऐवजी महिन्याला दोन हजार यार्ड सूत द्यायची अट याच अधिवेशनात मान्य झाली. म्हणजे अंगावरच्या कापडात जो विचार होता तोच पक्षाच्या नियमातही उतरला. पुढे १९३७ मध्ये ते बेळगावजवळच्या हुदलीला आले; तिथे आजही खादी विणली जाते. त्या पंच्याकडे ‘दोनच कपडे’ म्हणून बघणारा माणूस त्यातलं सगळं गमावतो. तिथे संख्या निर्णयाच्या मागून आली. आधी ठरलं मी कोण आणि कोणाबरोबर, मग बाकीचं अंगावरून उतरलं. आपल्याला एवढा मोठा निर्णय घ्यायचा नसतो हे खरं, पण क्रम तोच आहे.

मग आपली शैली शोधायची कुठे? माझं मत असं, की ती बहुतेकांकडे आधीच असते आणि ती शिंप्याच्या मापाच्या वहीत सापडते. आपल्याकडे अजून पुष्कळ जण कपडे शिवून घेतात, हे आपलं भाग्य. तुम्ही दर वेळी काय सांगता ते आठवा. ‘मास्तर, गळा लई मोठा नको हां.’ ‘बाही कोपरापर्यंत पाहिजे.’ ‘उजव्या बाजूला खिसा सोडा की, मोबाइल ठेवायला लागतोय.’ ‘कॉलर नको, पट्टी लावा.’ कापड दर वेळी बदललं असेल, या सूचना बदललेल्या नसतात. खडेबाजारात काउंटरवर पंधरा गठ्ठे उलगडले की मन भुलतं. वहीतली मापं आणि बारीक सूचना मात्र भुलत नाहीत. मास्तरांना सरळ विचारा, ‘माझं नेहमीचं काय?’ ते तुम्हाला एखाद्या वाक्यात सांगतील, आणि ते वाक्य कुठल्याही ऑनलाइन चाचणीपेक्षा खरं असेल.

त्याच्या जोडीला नुकत्याच झालेल्या साध्या दिवसांचे फोटो बघा. लग्नाचे नको, सहलीचे नको. शाळेच्या मीटिंगला गेलात, रानात गेलात, दवाखान्यात रांगेत उभ्या होतात, तेव्हाचे. त्यात जे पुन्हा पुन्हा दिसतं ते तुमचं. कुणाला निळा सापडेल, कुणाला लांब कुर्ता, कुणाला डोक्यावरचा पदर. पुरुषांनाही हे लागू आहे. रोज धोतर, नेहरू शर्ट आणि गांधी टोपीत असणाऱ्या चिकोडीकडच्या शेतकऱ्याला कुणी स्टायलिश म्हणत नाही, पण पाठमोरा दिसला तरी हाक मारता येते. त्याच्या मुलाला धोतर नेसायला सांगणं हट्टीपणाचं ठरेल. पण तो मुलगा बारा प्रकारचे टी-शर्ट घेण्याऐवजी हुदलीच्या खादीचे एकाच कटाचे शर्ट शिवून घेऊ शकतो, आणि मग तोही असाच ओळखू येईल.

एखादी खूण हवी असेल तर चप्पल बघा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, आणि त्यात बेळगाव आहे. अथणी, निपाणी भागात ही चप्पल पिढ्यान्‌पिढ्या बनते. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, खिळा नाही, चामड्याच्याच वादीने शिवण. जून २०२५ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने अगदी याच घाटाची सँडल दाखवली आणि ती कुठली हे सांगितलं नव्हतं. इकडून आवाज उठल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीचा आधार मान्य केला. मला त्यात आपल्या विषयाचंच टोक दिसतं. आकार स्वच्छ, रेषा मोजक्या, सगळं देखणं, पण बनवणारा माणूसही काढून टाकलेला. साधेपणात काय काढायचं याला मर्यादा आहे. एक सूचना मात्र, पावसाळ्यात ती चप्पल घालू नका. कातडं भिजलं की फुगतं आणि आकार जातो.

दोन्ही हव्या असतील, आणि हव्या असणं चांगलंच आहे, तर आधी पेहराव ठरवा, कपाट नंतर आवरा. उलट केलं की फोनवरची यादी पुढे ठेवून आपण आईची इरकल काढून टाकतो आणि तिच्या जागी सगळ्यांकडे असते तशी राखाडी कुर्ती आणतो. कपाटाला हात लावण्याआधी एक पावसाळा आणि एक लग्नसराई जाऊ द्या; कुठला कपडा खरंच अंगाला लागतो ते या दोन हंगामांत कळतं. नवं घेताना फक्त एवढं बघा, की मास्तरांच्या वहीतल्या सूचनांत ते बसतंय का.

आणि जे काढायचं ठरेल ते पिशवीत भरून कुणाच्या तरी दारात ठेवू नका. सुती लुगडी, जुन्या साड्या, धोतरं वाकळेला, म्हणजे गोधडीला, जातात. आपल्या भागात वाकळ शिवून देणाऱ्या बायका अजून आहेत. दसऱ्यानंतर ऊन पडलं की कपडे धुऊन, कडक वाळवून, हुक आणि फॉल काढून त्यांच्याकडे द्या. नायलॉनचं, जॉर्जेटचं वेगळं ठेवा, कारण सुई त्यावरून घसरते आणि शिवण बसत नाही. थंडी लागायच्या आत वाकळ हातात हवी असेल तर आधी सांगून ठेवा, तेव्हा त्यांच्याकडे कामाची गर्दी असते.