बातमीदार ते प्राध्यापक : पुण्यातल्या एका वाटेची पार्श्वभूमी

पत्रकारिता शिकवणारा आणि स्वतः ललितेतर पुस्तकं लिहिणारा माणूस पुण्याला नवा नाही. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल ही शाळा काढणाऱ्या टिळक-आगरकरांच्या मंडळींनीच १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही वृत्तपत्रंही काढली. तो काळ वाचकांना ठाऊक आहेच.

आजच्या प्राध्यापकाची वाट सुरू होते १९६४ पासून. त्या वर्षी विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये उभा राहिला. शहरातली वृत्तपत्रं जवळ, त्यामुळे बातमीदार आणि उपसंपादक तिथे तास घ्यायला येत. दुष्काळ, धरणग्रस्त, शहराची वाढ यांवर वृत्तमालिका लिहायची, तिचं पुढे पुस्तक करायचं आणि तेच अनुभव वर्गात मांडायचे, असा हा प्रवास असे. शिकवणं आणि लिहिणं ही वेगळी कामं नव्हतीच.

ती वेगळी केली गुणांकनाने. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१० च्या नियमावलीपासून प्राध्यापकांचं संशोधन गुणांत मोजलं जाऊ लागलं. आयोगाच्या २०१८ च्या नियमांतल्या तक्त्यात सामाजिक शास्त्रांतल्या एका शोधनिबंधाला १० गुण आहेत आणि राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या अख्ख्या पुस्तकालाही १०. त्या नियमांनुसार थेट भरतीत सहयोगी प्राध्यापकाला किमान ७५ गुण लागतात, प्राध्यापकाला १२०. म्हणजे १२० गुणांइतकं वजन अशा पुस्तकांनी भरायचं तर बारा पुस्तकं हवीत! गावोगाव फिरून, कागदपत्रं मिळवून, माणसांना पुन्हा पुन्हा भेटून जे पुस्तक होतं, त्याला चार-सहा वर्षं सहज जातात. शोधनिबंध तज्ज्ञांनी तपासलेला असतो, पुस्तक कुणीही छापतं, हा नियमाच्या बाजूचा युक्तिवाद खोटा नाही. पण त्यावर उपाय म्हणजे पुस्तकंही तपासून घेणं. तसं न करता दोन्ही एका मापात घातली, आणि बढतीच्या वयातल्या लेखक-प्राध्यापकांना पुस्तक बाजूला ठेवून निबंधांकडे वळावं लागलं. मराठी वाचकाचं यात थेट नुकसान झालं, कारण ही पुस्तकं त्याच्यासाठी होती.

२०२२ मध्ये आयोगाने व्यवसायातल्या अनुभवी माणसांसाठी वेगळी वाट उघडली. किमान १५ वर्षांचा अनुभव असेल तर पीएच.डी.शिवाय विद्यापीठात शिकवता येतं. पदं मंजूर संख्येच्या १० टक्क्यांपर्यंत, मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं, अपवादाने आणखी एक. अध्यापनात असलेल्यांना किंवा त्यातून निवृत्त झालेल्यांना मात्र ती बंद आहे. त्यामुळे वृत्तपत्र लवकर सोडून शिकवायला आलेल्यांसाठी तोच २०१८ चा तक्ता उरला.