मूल्याधिष्ठित गुंतवणूक : गोव्यातील समभाग आणि रोखे फंड

मूल्याधिष्ठित गुंतवणूक म्हणजे कंपनीच्या धंद्याची रास्त किंमत स्वतः आजमावणे, तिचा समभाग त्याहून बऱ्यापैकी स्वस्त मिळाला तरच घेणे आणि धंदा बिघडत नाही किंवा भाव अवाच्या सवा होत नाही तोवर तो न विकणे. रास्त किंमत आणि खरेदीचा भाव यांतल्या फरकाला सुरक्षेचे अंतर म्हणतात. अंदाज चुकलाच तर नुकसान झेलायला तेवढेच हाताशी असते. 1929 च्या घसरणीने पोळलेल्या न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठातील बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड यांनी ही पद्धत मांडली. वॉरन बफे हे ग्रॅहम यांचे विद्यार्थी. ग्रॅहम यांनी रोख्यांचाही (सरकारला किंवा कंपनीला दिलेल्या कर्जाच्या कागदांचाही) तितकाच विचार केला होता: सामान्य माणसाने समभागांचा वाटा 25 टक्क्यांखाली आणि 75 टक्क्यांवर नेऊ नये, उरलेले रोख्यांत ठेवावे, असा त्यांचा दंडक होता. बफेंच्या कीर्तीपुढे हा अर्धा भाग मागे पडला, आणि नडते नेमके त्याचेच विस्मरण.

गोव्याला स्वतःचा शेअरबाजार नाही. पणजी, म्हापसा, मडगाव, फोंड्याचे गुंतवणूकदार मुंबईतल्या बाजारांतच व्यवहार करतात. वाटा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळण्याची रीत मात्र इथे जुनी आहे. कोमुनिदादीत, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेत, गावकारांना (मूळ सदस्य कुटुंबांना) जोण, म्हणजे उत्पन्नातला वाटा, मिळे, आणि काही कोमुनिदादींत वारशाने पुढे जाणारे भागही असत, त्यांवर लाभांश वाटला जाई. पण तो भाग कितीला घ्यावा, कधी महाग झाला, हा हिशेब त्या रीतीत नव्हता. ‘वडिलांनी घेतलेले शेअर आहेत, हात लावायचा नाही’ हे गोव्यातल्या अनेक घरांत आजही ऐकू येते. ही निष्ठा झाली. मूल्याचा विचार त्यात असेलच असे नाही.

याचा धडा सेसा गोवाच्या समभागात सापडतो. इटालियन भांडवलातून 1954 मध्ये उभी राहिलेली ही खाणकंपनी पुढे जपानच्या मित्सुईकडे आणि 2007 मध्ये वेदान्त समूहाकडे गेली. चीनच्या पोलाद उद्योगाची भूक वाढत गेली तसा गोव्याच्या कमी प्रतीच्या खनिजालाही उठाव आला. अशा तेजीत नफा इतका फुगतो की किंमत-मिळकत गुणोत्तर (समभागाचा भाव नफ्याच्या किती पट आहे ते), म्हणजेच पी-ई, लहान दिसते आणि समभाग स्वस्त वाटतो. चक्राकार धंद्यातला हाच सापळा आहे: पी-ई सर्वांत लहान असतो तो नफा शिखरावर असताना. ग्रॅहम एका वर्षाच्या नफ्यावर विसंबू नका, बऱ्याच वर्षांची सरासरी धरा, असे सांगत ते यासाठीच. 62 टक्के लोह असलेल्या खनिजाचा आंतरराष्ट्रीय भाव 2011 च्या सुरुवातीला टनाला 190 डॉलरच्या आसपास होता, 2015 च्या अखेरीस तो 40 डॉलरच्या घरात आला. सरासरी धरणाऱ्याला हा चढउतार निदान अपेक्षित तरी असता.

गोव्यात मात्र भाव पडण्याआधीच खाणी थांबल्या. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. एप्रिल 2014 मध्ये वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून ती उठली. फेब्रुवारी 2018 मध्ये 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द होऊन काम पुन्हा बंद पडले. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या पट्ट्यातल्या कुटुंबाचा ट्रक खनिजावर, नातेवाइकाची बार्ज (माल वाहणारी नौका) खनिजावर, दुकानाची उधारी खनिजावर आणि डिमॅटमधले समभागही खनिजाचेच, अशी स्थिती असेल तर समभाग कितीही स्वस्त घेतला तरी सुरक्षेचे अंतर उरत नाही. मूल्यगुंतवणुकीवरच्या लेखनात हा मुद्दा फार कमी येतो, कारण लिहिणारे सहसा खाणपट्ट्यात राहत नाहीत. (इथल्या मराठी वाचकांची दोन प्रमुख दैनिके, ‘गोमन्तक’ आणि ‘नवप्रभा’, सुरू केली तीही चौगुले आणि धेंपे या खाणउद्योगातल्याच घराण्यांनी. म्हणून वर्तमानपत्रासोबत वार्षिक अहवालही वाचलेला बरा.)

समभागांना जोड म्हणून गोवेकर बहुधा मुदत ठेव निवडतो. तीही निर्धोक नसते: म्हापसा अर्बन सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2020 मध्ये आणि मडगाव अर्बनचा जुलै 2021 मध्ये रद्द केला. ठेवविम्याची मर्यादा फेब्रुवारी 2020 मध्ये 1 लाखावरून 5 लाख रुपये झाली होती, त्यापलीकडची रक्कम बँकेच्या मालमत्तेतून जेवढी सुटेल तेवढी. रोखे फंडांकडे, म्हणजे अनेकांच्या पैशांतून रोखे घेणाऱ्या म्युच्युअल फंडांकडे, वळताना हेच दोन प्रश्न विचारायचे असतात: पैसे कोणाकडे अडकतात, आणि किती काळासाठी.

काळाचा प्रश्न फंडाच्या ‘ड्युरेशन’मध्ये मोजला जातो. व्याजदर वाढले की जुन्या रोख्यांचे भाव पडतात. ड्युरेशन 7 असलेल्या फंडाचे मूल्य व्याजदर 1 टक्क्याने वाढल्यास अंदाजे 7 टक्क्यांनी घटते, 2 असलेल्याचे 2 टक्क्यांनी. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे उसने देते तो, मे 2020 मध्ये 4 टक्क्यांवर होता, मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात तो 6.5 टक्क्यांपर्यंत चढला. ‘सरकारी रोखे म्हणजे बुडण्याची भीती नाही’ एवढ्यावर लांब मुदतीच्या गिल्ट फंडात शिरलेल्यांना तेव्हा उतरता आकडा पाहावा लागला. सरकार बुडाले नव्हते, पण फंडाला मुदतपूर्तीची तारीख नसल्यामुळे ‘मुदतीपर्यंत थांबतो’ असे म्हणायची सोयही नव्हती. ठरावीक वर्षी संपणारे टार्गेट मॅच्युरिटी फंड ही उणीव भरून काढतात. डिसेंबर 2019 मध्ये आलेला भारत बाँड ईटीएफ (समभागासारखा बाजारात घेता-विकता येणारा फंड) याच जातीचा. मुलाच्या शिक्षणाचे किंवा घराच्या डागडुजीचे वर्ष ठाऊक असेल तर त्या वर्षी संपणारा फंड घेणे दराचे भाकीत करत बसण्यापेक्षा सोपे पडते. बाजार नियामक सेबीने ऑक्टोबर 2017 मध्ये रोखे फंडांचे 16 प्रकार ठरवून दिले, त्यामुळे निदान नावावरून अंदाज बांधता येतो: शॉर्ट ड्युरेशन 1 ते 3 वर्षांचा, कॉर्पोरेट बाँड फंडात किमान 80 टक्के रोखे एए-प्लस किंवा वरच्या मानांकनाचे (कर्ज फेडण्याच्या पतीच्या श्रेणीचे), क्रेडिट रिस्क फंडात किमान 65 टक्के एए किंवा त्याखालचे.

2020 चा वसंत या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकदमच देऊन गेला. जानेवारीत 42,000 च्या आसपास असलेला सेन्सेक्स 23 मार्चला 26,000 च्या खाली बंद झाला. रेपो दर उतरत असल्यामुळे चांगल्या प्रतीचे रोखे तग धरून होते. ज्यांची शिल्लक त्यांत होती त्यांना थोडे रोखे विकून स्वस्त समभाग उचलता आले. दुसरीकडे, टक्का-दीड टक्का जास्त परतावा पाहून कमी मानांकनाच्या रोख्यांच्या योजनांत राहिलेल्यांपैकी अनेकांचे पैसे 23 एप्रिलला गोठले: फ्रँकलिन टेम्पलटन या म्युच्युअल फंड कंपनीने सुमारे 25,000 कोटी रुपयांच्या सहा योजना बंद केल्या. पुढे टप्प्याटप्प्याने पैसे परत मिळाले, पण समभाग स्वस्त होते तेव्हा ते हाती नव्हते. मूल्यगुंतवणूकदाराला रोखे फंड हवा असतो तो जास्त व्याजासाठी नव्हे, तर संधीच्या दिवशी रोकड मिळावी म्हणून; या कसोटीवर क्रेडिट रिस्क फंड बसत नाही.

करआकारणीने रोखे फंडांचे आकर्षण थोडे कमी झाले आहे. 1 एप्रिल 2023 पासून घेतलेल्या युनिट्सच्या नफ्यावर उत्पन्नाच्या टप्प्यानुसार कर लागतो, महागाईची वजावट मिळत नाही. समभागांवरच्या दीर्घकालीन नफ्याला 23 जुलै 2024 पासून वर्षाला 1.25 लाख रुपयांपर्यंत सूट आणि त्यावर 12.5 टक्के दर आहे.

गोव्यात या हिशेबाला आणखी एक पदर असतो. पोर्तुगीज नागरी संहितेनुसार, लग्नापूर्वी वेगळा करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक ठरते. 1961 च्या आयकर कायद्यातील कलम 5अ ने (संहिता 1867 ची, पण कलमाच्या मजकुरात 1860 असे छापले आहे) पगार वगळता इतर उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे धरले. समभाग एकाच्याच डिमॅट खात्यात असले तरी लाभांश, व्याज आणि विक्रीचा नफा अर्धा अर्धा विभागून दोघांच्या विवरणपत्रांत दाखवायचा, आणि सुटीची मर्यादाही दोघांना स्वतंत्रपणे मिळते. बाहेरच्या सनदी लेखापालाकडून विवरणपत्र भरून घेणाऱ्यांकडून हे हमखास राहून जाते.

मृत्यूनंतरही हाच नियम लागू राहतो. मयताच्या अर्ध्या हिश्श्यातलाही केवळ अर्धा भाग त्याला मृत्युपत्राने हवा तसा देता येतो. उरलेल्यावर मुलांचा हक्क. नामनिर्देशन केले म्हणून समभाग त्या व्यक्तीचे होत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट केले. वाटणी इन्व्हेंटरीच्या, म्हणजे मयताच्या मालमत्तेची यादी करून ती वाटण्याच्या न्यायालयीन कारवाईतून होते, तिथे वारसांना एखाद्या मालमत्तेवर आपसांत बोलीही लावता येते. बोली बहुधा घर आणि भाट (बागायती जमीन) यांवर चढते. समभाग आणि फंडांची युनिट्स बाजारभावाने मोजून वाटता येतात.