स्विंग, सीम, टर्न, ड्रिफ्ट: चेंडू नेमका कुठे वळतो?

माझी भाची फुटबॉल खेळणारी. गोव्यात याचं नवल नाही, फुटबॉल हा इथला राज्य खेळच आहे. डिसेंबरच्या सुट्टीत ती आमच्याकडे फोंड्याला राहायला आली तेव्हा टीव्हीवर कसोटी सामना चालू होता. चौकार, झेलबाद, धावचीत हे तिला पाहता पाहता कळलं. अडलं ते समालोचकाच्या चार शब्दांपाशी. ‘मामा, हा म्हणतो बॉल स्विंग झाला, मग म्हणतो सीम झाला, मग टर्न झाला, मग ड्रिफ्ट झाला. चारही वेळा बॉल वळलाच ना? मग शब्द चार कशाला?’

प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा होता. चेंडू वळण्याच्या जागा दोन आहेत, हवा आणि जमीन. आणि वळवणाऱ्या गोष्टीही दोन, शिवण आणि फिरकी. शिवणीमुळे हवेत वळला तर स्विंग, शिवण जमिनीवर आपटून वळला तर सीम. फिरकीमुळे हवेत सरकला तर ड्रिफ्ट, टप्पा पडल्यावर वळला तर टर्न.

कपाटातला जुना लेदरचा चेंडू काढून मी तिच्या हातात दिला. आत बुचाचा गाभा, त्यावर घट्ट गुंडाळलेला दोरा, वर चामडं. वजन १५५.९ ते १६३ ग्रॅम. महिलांच्या सामन्यांत थोडा हलका, १४० ते १५१ ग्रॅम. मधोमध टाक्यांच्या रांगा असलेली उंच शिवण. तिच्यावरून बोट फिरवलं की खरखर जाणवते. क्रिकेटमधली निम्मी जादू या खरखरीत आहे.

आता स्वयंपाकघरात चला. नळाची बारीक धार सोडा, चमचा दांड्याने सैल लोंबता धरा आणि त्याची फुगीर बाजू धारेला हळूच लावा. वाटतं, धार चमच्याला ढकलेल. होतं उलटं, चमचा धारेकडे ओढला जातो. पाणी फुगीर भागाला चिकटून वळतं आणि एका बाजूला फेकलं जातं. त्याची परतफेड म्हणून चमचा दुसऱ्या बाजूला जातो. भाचीने हे तीनदा करून पाहिलं.

चेंडूभोवतीची हवा हेच करते. गोलंदाज शिवण जराशी तिरकी, समजा स्लिपकडे (यष्टिरक्षकाशेजारच्या क्षेत्ररक्षकाकडे), रोखून चेंडू सोडतो. शिवणीच्या बाजूने जाणारा हवेचा पातळ थर टाक्यांना अडखळतो आणि त्यात खळबळ माजते. दुसऱ्या, गुळगुळीत बाजूचा थर शांत वाहतो. खळबळलेला थर चेंडूला जास्त वेळ चिकटून राहतो आणि मागच्या अंगाला वळून जातो; शांत थर लवकर सुटतो. त्यामुळे चेंडूमागची हवा एका बाजूला फेकली जाते आणि चेंडू शिवण दाखवेल त्या दिशेला सरकतो. फलंदाजापासून बाहेर गेला तर आउटस्विंग, आत आला तर इनस्विंग. खेळाडू चेंडूची एक बाजू पँटवर घासत असतात ती याचसाठी, तो थर शांत राहावा म्हणून. पूर्वी थुंकीही लावायचे. २०२० मध्ये करोनामुळे त्यावर बंदी आली आणि २०२२ मध्ये ती कायमची झाली.

याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण आमच्या शेजारचं आहे. फर्मागुढीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेली, गोव्याकडून खेळलेली शिखा पांडे. ऑक्टोबर २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टी-ट्वेंटी सामन्यात तिने ऑस्ट्रेलियाच्या अलिसा हिलीला टाकलेला इनस्विंगर मी भाचीला फोनवर दाखवला. चेंडू ऑफ स्टंपच्या (फलंदाजाच्या पायांपासून दूरच्या यष्टीच्या) बराच बाहेरून निघतो आणि आत येऊन यष्ट्या उडवतो. त्रिफळा! भाची म्हणाली, ‘आधी सरळ आला आणि मग अचानक वळला.’ मैदानावरही याला ‘उशिरा स्विंग झाला’ म्हणतात. पण चेंडू अचानक काहीच करत नाही. बाजूचा रेटा पहिल्यापासून जवळपास सारखाच असतो. मात्र सरकण्याचं अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. अर्ध्या वेळात एक चतुर्थांश सरकतो, उरलेलं तीन चतुर्थांश शेवटच्या अर्ध्यात. ताशी ११० किलोमीटरने टाकलेला चेंडू फलंदाजापर्यंत साधारण ०.६ सेकंदात पोचतो, म्हणजे खरं वळण शेवटच्या ०.३ सेकंदातलं. तोवर बॅट निघालेली असते.

नेहमीचा स्विंग याच मध्यम वेगात खुलतो, तुफानी वेगात नाही. वेग फार वाढला किंवा चेंडू जुना होऊन खरबरीत झाला की शिवणीला पोचायच्या आधीच हवेत खळबळ माजते. मग शिवण त्या थराला उलट कमजोर करते, तो लवकर सुटतो आणि चेंडू शिवणीच्या विरुद्ध दिशेला जातो. हाच रिव्हर्स स्विंग. पाकिस्तानच्या गोलंदाजांनी तो जगाला दाखवला.

एका समजुतीबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं, कारण किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्याला ती अगदी पटते. ‘हवा दमट आहे, आज चेंडू स्विंग होणार.’ हवा दमट झाली म्हणजे जड झाली, असं आपण घामाघूम होऊन ठरवतो. प्रत्यक्षात बाष्पाचा रेणू नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका, त्यांचे २८ आणि ३२ तर याचा १८. म्हणजे तापमान आणि दाब तोच असेल तर दमट हवा किंचित हलकीच असते. वातबोगद्यातल्या प्रयोगांतही दमटपणामुळे स्विंग वाढल्याचं सिद्ध झालेलं नाही. ढगाळ दिवशी चेंडू जास्त वळतो या अनुभवामागे काही संशोधकांनी वेगळं कारण सुचवलं आहे. ऊन नसलं की तापलेल्या मैदानावरून वर उठणारे हवेचे भोवरे कमी होतात आणि चेंडूभोवतीचा शांत थर शांत राहतो. मला हे पटतं.

दमटपणाचा खरा परिणाम दिसतो तो रात्री. दिवाळीनंतर पहाटे अंगणातल्या गवतावर दव साचतं, तसंच दिवस-रात्रीच्या सामन्यात मैदानावर साचतं. चेंडू ओला होतो आणि फिरकी गोलंदाजाच्या बोटांतून निसटतो. नाणेफेक जिंकून कर्णधार आधी गोलंदाजी घेतो, त्यामागे पुष्कळदा हे दवच असतं; ओल्या चेंडूने गोलंदाजी मग समोरच्या संघाला करावी लागते.

फिरकीचं अर्धं काम भाचीला येतच होतं. कॉर्नरवरून बॉल कापून मारला की तो हवेत वळतो; गरगर फिरणारा चेंडू आपल्याभोवतीची हवा एका बाजूला ओढून फेकतो आणि स्वतः दुसरीकडे जातो. याला मॅग्नस परिणाम म्हणतात. लेगस्पिनरचा चेंडू त्यामुळे उजव्या फलंदाजाच्या पायांकडे सरकतो, हा ड्रिफ्ट. टप्पा पडला की घर्षणामुळे तो उलट ऑफकडे वळतो, हा टर्न. चेंडू पुढच्या अंगाने फिरवला तर हवाच त्याला खाली दाबते आणि तो वाटलं होतं त्याच्या आधी टप्पा घेतो. त्याला डिप म्हणायचं. लेगस्पिनसारख्याच हालचालीतून उलट वळणारा तो गुगली. चेंडू आत, फलंदाजाकडे वळवणाऱ्या ऑफस्पिनरच्या असल्या उलट्या चेंडूला जगभर ‘दुसरा’ म्हणतात. आपल्याला या शब्दाचा अर्थ कुणी सांगायला नको.

फिरकीवर फलंदाजाचा जुना इलाज म्हणजे पुढे सरसावून टप्प्यावरच चेंडू गाठायचा, वळायला जागाच ठेवायची नाही. मडगावात जन्मलेले दिलीप सरदेसाई यात तरबेज होते. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात कसोटी मालिकेत त्यांनी ६४२ धावा केल्या. पायचीतचा नियम मात्र मी तिला दुसऱ्या दिवसावर ढकलला, त्याला निवांत वेळ लागतो.

संध्याकाळी आम्ही घरामागच्या शेतात गेलो. भात कापून झालेलं, चिखल वाळून भेगा पडलेल्या. कसोटीच्या पाचव्या दिवशी खेळपट्टीचं हेच होतं. चिकणमातीतलं पाणी उडून जातं, माती आकसते आणि तडकते. चेंडू भेगेच्या काठावर पडला तर कुठे जाईल ते गोलंदाजालाही सांगता येत नाही. मी लांबून चार-पाच चेंडू टाकले. एक उसळून तिच्या खांद्यावरून गेला. पुढचा तिथेच पडला आणि सरपटत तिच्या घोट्यावर आदळला.

‘बॉल खाली राहिला म्हणतात तो हाच?’ घोटा चोळत तिने विचारलं, आणि चेंडू उचलून तो पडला होता ती भेग शोधायला लागली.