मध्यक किंमत आणि घरकिंमत निर्देशांक: बाजार सावरल्याच्या बातम्यांमधला न संपणारा घोळ

घरबाजार मंदीतून बाहेर पडू लागला की दर महिन्याला बातम्या येऊ लागतात की घरांच्या किमती अमुक टक्क्यांनी वाढल्या. त्याच आठवड्यात दुसरी बातमी त्याच शहराबद्दल निम्माच आकडा देते, क्वचित घट झाल्याचेही सांगते. मग वाचक असा निष्कर्ष काढतो की दोघांपैकी कोणीतरी आकडे फुगवत आहे. बहुतेक वेळा तसे काही नसते. पहिल्या बातमीतला आकडा विकल्या गेलेल्या घरांच्या मध्यक किमतीचा असतो, दुसऱ्या बातमीतला घरकिंमत निर्देशांकाचा, म्हणजे सारख्याच घरांच्या भावातला बदल मोजणाऱ्या आकड्याचा असतो, आणि दोन्ही बातम्यांचे मथळे मात्र ‘घरांच्या किमती’ एवढेच म्हणून मोकळे होतात. हा घोळ वर्षानुवर्षे चालू आहे, आणि त्याच्या आधारावर लोक आयुष्यातला सर्वांत मोठा व्यवहार करतात, म्हणून तो एकदा नीट उलगडणे आवश्यक वाटते.

मध्यक म्हणजे काय, हे शाळेत शिकवलेले असते. महिन्याभरात विकल्या गेलेल्या घरांच्या किमती चढत्या क्रमाने मांडायच्या आणि बरोबर मधली किंमत उचलायची. तिला ‘सरासरी किंमत’ म्हणणाऱ्या बातम्या चुकीच्या आहेत, कारण दोन-चार आलिशान बंगले विकले गेले तर सरासरी वर खेचली जाते आणि मध्यक जागचा फारसा हलत नाही. मध्यक वापरण्यामागचे कारणच ते आहे. पण हा फरक बहुतेकांना माहीत असतो आणि त्याने फारसे नुकसानही होत नाही.

नुकसान होते ते पुढच्या गोष्टीने. मध्यक टोकाच्या किमतींपासून वाचवतो, म्हणून तो सगळ्याच फसगतीपासून वाचवतो, असे लोक गृहीत धरतात. प्रत्यक्षात मध्यक किंमत त्या महिन्यात कोणती घरे विकली गेली यावर अवलंबून असते, आणि दर महिन्याला विकली जाणारी घरे वेगळी असतात. मागच्या वर्षीच्या मार्चमधली मधली किंमत एका घराची आणि या मार्चमधली दुसऱ्याच घराची. दोन्हींमधल्या फरकात भावातला बदल किती आणि विक्रीतल्या घरांच्या मिश्रणातला बदल किती, हे त्या एका आकड्यावरून कधीच वेगळे करता येत नाही.

हे कागदावर मांडून पाहण्यासारखे आहे. एका शहरात तीनच प्रकारची घरे आहेत असे समजू: ४० लाखांची लहान, ६० लाखांची मध्यम आणि ९० लाखांची मोठी. पहिल्या वर्षी ९ घरे विकली गेली, त्यांत ५ लहान, २ मध्यम आणि २ मोठी होती. किमती ओळीने लिहिल्या तर पाचवी किंमत ४० लाख येते, म्हणजे मध्यक ४० लाख. दुसऱ्या वर्षी प्रत्येक घराचा भाव ५ टक्क्यांनी उतरला. लहान घर ३८ लाखांवर आले, मध्यम ५७ लाखांवर आणि मोठे साडेपंच्याऐंशी लाखांवर. पण या वर्षी विकल्या गेलेल्या ९ घरांत २ लहान, ३ मध्यम आणि ४ मोठी घरे होती. आता पाचवी किंमत येते ५७ लाख. शहरातले एकूण एक घर स्वस्त झाले आणि मध्यक किंमत मात्र साडेबेचाळीस टक्क्यांनी वाढली. या गणितात कुठेही चूक नाही, कोणी आकडा लपवलेला नाही. ‘घरे ४२ टक्क्यांनी महागली’ हा मथळा मात्र धादांत खोटा आहे.

उदाहरण मुद्दाम ठळक घेतले आहे, पण बाजार कोसळताना आणि सावरताना नेमके असेच घडते, आणि नेमके तेव्हाच लोक हे आकडे सर्वांत जास्त उत्सुकतेने वाचतात. मंदीत महाग घराच्या मालकाला सहसा विकण्याची सक्ती नसते. तो भाव सुधारेपर्यंत थांबतो. खालच्या टोकाला मात्र कर्ज थकलेली, बँकेने ताब्यात घेतलेली घरे विकली जात राहतात. त्यामुळे विक्रीचे मिश्रण स्वस्त घरांकडे झुकते आणि मध्यक भावांपेक्षा वेगाने कोसळतो. बाजार हलू लागला की थांबलेले मालक बाहेर येतात, वरच्या गटातले व्यवहार पुन्हा सुरू होतात, आणि मध्यक भावांपेक्षा वेगाने उसळतो. म्हणजे मध्यक पडझड फुगवून दाखवतो आणि सावरणेही फुगवून दाखवतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण कॅलिफोर्नियातल्या सॅन फ्रान्सिस्को उपसागर परिसराचे आहे. तिथली मध्यक किंमत २००७च्या उन्हाळ्यात ६,६५,००० डॉलर होती. मार्च २००९मध्ये ती २,९०,००० डॉलरवर आली. ही घट ५६ टक्क्यांची होते. याच घसरणीत केस-शिलर निर्देशांक, म्हणजे अमेरिकेतला एक प्रमुख घरकिंमत निर्देशांक, सॅन फ्रान्सिस्कोसाठी शिखरापासून तळापर्यंत सुमारे ४६ टक्के उतरला. ४६ टक्केही भयंकरच, पण मधले १० टक्के कुठून आले? थोडा भाग हद्दीचा आहे, कारण मध्यकात नऊ काउंटी (तिथले जिल्हे) मोजल्या जात होत्या आणि निर्देशांकात पाच. मोठा भाग मिश्रणाचा आहे. २००७च्या ऑगस्टनंतर मोठ्या रकमेची, तिथे ज्यांना जंबो कर्जे म्हणतात ती, मिळणे अवघड झाले आणि महाग भागांतले व्यवहार गोठले. त्याच वेळी किनाऱ्यापासून दूरच्या स्वस्त वस्त्यांमध्ये जप्तीची घरे विक्रीला येत होती. २००९च्या सुरुवातीला विकल्या जाणाऱ्या जुन्या घरांपैकी जवळपास निम्मी अशी होती. पुढच्या वर्षभरात चित्र उलटले. मार्च २०१०पर्यंत मध्यक सुमारे ३० टक्क्यांनी वर गेला आणि निर्देशांक सुमारे १६ टक्क्यांनी. ज्या घरमालकाने ३० टक्क्यांची बातमी वाचून आपल्या घराची किंमत मनाशी वाढवली, त्याने वाढ जवळपास दुप्पट धरली.

हे केवळ मंदीतच होते असेही नाही. ऑक्टोबर २०२०मध्ये अमेरिकेत जुन्या घरांची मध्यक किंमत वर्षभरापूर्वीपेक्षा १५.५ टक्क्यांनी जास्त असल्याचे जाहीर झाले. त्याच महिन्याचा केस-शिलर राष्ट्रीय निर्देशांक ८.४ टक्के वाढ दाखवत होता. कारण मध्यकाच्याच अहवालात दिलेले होते: दहा लाख डॉलरांहून महाग घरांची विक्री वर्षभरात दुप्पट झाली होती. महासाथीच्या काळात मोठी घरे जास्त विकली गेली, आणि मोठी घरे जास्त विकली गेली म्हणून मध्यक वर सरकला. ज्या बातम्यांनी पहिला आकडा मथळ्यात दिला, त्यांपैकी फारच थोड्यांनी दुसरे वाक्य वाचकांपर्यंत पोहोचवले. एका ओळीचे काम होते, म्हणूनच त्याचा राग येतो.

निर्देशांक या अडचणीतून कसा सुटतो? त्यामागची युक्ती सोपी आहे. एकाच घराची दोन खरेदीखते शेजारी ठेवायची. घर २००१मध्ये एका किमतीला विकले गेले, २००६मध्ये दुसऱ्या किमतीला. घर तेच, गल्ली तीच, खोल्या तेवढ्याच, त्यामुळे फरक उरतो तो भावाचा. अशा हजारो जोड्या एकत्र करून दर महिन्याचा बदल काढला जातो. ही दुबार विक्रीची पद्धत बेली, मथ आणि नौर्स यांनी १९६३मध्ये मांडली. कार्ल केस आणि रॉबर्ट शिलर यांनी १९८०च्या दशकात ती सुधारून वापरात आणली. शिलर यांना पुढे २०१३मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. वरच्या कागदी उदाहरणात ही पद्धत लावली असती तर ४० लाखांचे घर ३८ लाखांवर आलेले दिसले असते आणि उत्तर ५ टक्के घट असे सरळ मिळाले असते.

दुसरी पद्धत घराचे गुणविशेष मोजण्याची आहे. क्षेत्रफळ, प्रकार, ठिकाण यांची किंमत वेगवेगळी काढून, ‘असेच घर’ आधी कितीला गेले असते आणि आता कितीला जाईल, हे ताडले जाते. ब्रिटनचा अधिकृत निर्देशांक असा आहे. काही निर्देशांक घरांचे गट पाडून गटागटात तुलना करतात. पद्धती भिन्न असल्या तरी हेतू एकच असतो: मिश्रणातला बदल बाजूला काढणे. मध्यक हे करण्याचा प्रयत्नच करत नाही.

निर्देशांक निर्दोष आहे असे मात्र कोणी समजू नये. दोन विक्रींच्या मध्ये मालकाने एक खोली वाढवली, स्वयंपाकघर नव्याने बांधून घेतले, तर तो खर्चही भाववाढ म्हणून मोजला जाण्याचा धोका असतो. केस-शिलर पद्धतीत सहा महिन्यांच्या आत पुन्हा विकलेली घरे वगळतात आणि फार वर्षांनी विकलेल्या जोड्यांना कमी वजन देतात ते याचसाठी, पण दोष पूर्ण जात नाही. नव्याने बांधलेले घर पहिल्या विक्रीत मोजलेच जात नाही, कारण त्याची जोडी नसते. शिवाय कोणती घरे आत घेतली यावर निर्देशांकाचेही उत्तर बदलते. अमेरिकेच्या संघीय गृहवित्त संस्थेचा निर्देशांक फॅनी मे आणि फ्रेडी मॅक (बँकांकडून गृहकर्जे विकत घेणाऱ्या दोन संस्था) यांच्याकडे आलेल्या कर्जांच्या घरांवर उभा आहे, आणि गेल्या मोठ्या मंदीत तो सुमारे पाचव्या हिश्श्याने उतरला, तर केस-शिलर राष्ट्रीय निर्देशांक सुमारे २७ टक्क्यांनी. तरीही हे दोष मिश्रणाच्या दोषापुढे लहान आहेत, आणि मुख्य म्हणजे ते महिन्यामहिन्याला दिशा बदलत नाहीत.

बाकीचे फरक थोडक्यात सांगता येतील. मध्यक लवकर हाती येतो, तर केस-शिलर निर्देशांक दोन महिने उशिरा येतो आणि तोही तीन महिन्यांची सरासरी असतो, म्हणून वळण तो उशिरा दाखवतो. ऑक्टोबर २०२०च्या तफावतीत थोडा वाटा याचाही होता. ऋतूंचा परिणाम दोन्हींवर होतो, म्हणून मागच्या महिन्याशी तुलना करण्यापेक्षा मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी. महागाई दोन्हींतून वजा केलेली नसते. केस-शिलर राष्ट्रीय निर्देशांकाने २००६चे शिखर सप्टेंबर २०१६मध्ये पुन्हा गाठले तेव्हा ‘बाजार पूर्ण सावरला’ असे छापून आले, पण महागाई धरली तर घरे अजून त्या शिखराखालीच होती.

मग कोणी काय पाहावे? ज्याच्याकडे आधीच घर आहे आणि ज्याला त्याच्या किमतीचे काय झाले हे हवे आहे, त्याने निर्देशांकच पाहावा. या बाबतीत माझे मत पक्के आहे. खरेदीच्या वेळची किंमत घ्यावी, त्या महिन्याचा आणि आजचा निर्देशांक घ्यावा आणि प्रमाण लावावे. अंदाज ढोबळच येईल, कारण निर्देशांक शहराचा असतो आणि घर एका गल्लीतले असते, पण पाया बरोबर असेल. मध्यकाच्या टक्केवारीने आपल्या घराची किंमत गुणणे हा प्रकार मात्र पूर्णपणे बंद व्हायला हवा. त्यातून फुगलेली किंमत लावली जाते, घर महिनोन्महिने पडून राहते, आणि पुढे दर कमी करत नेताना ग्राहकाला वाटते की घरातच काही खोट असावी.

खरेदीदाराची गोष्ट वेगळी आहे, आणि मध्यकाची खरी उपयुक्तता इथे आहे. या शहरात लोक सध्या साधारण किती रकमेची घरे घेत आहेत, त्या रकमेचा हप्ता आपल्या उत्पन्नात बसतो का, हे प्रश्न पातळीचे आहेत, बदलाचे नाहीत, आणि पातळी सांगायला मध्यक उत्तम आहे. आधारकाळाला १०० धरून काढलेला निर्देशांकाचा १८० हा आकडा घेऊन बँकेत जाता येत नाही. अडचण येते ती खरेदीदार मध्यकाचा चढ पाहून ‘आता नाही घेतले तर कधीच मिळणार नाही’ अशा घाईला येतो तेव्हा. तशा वेळी विक्रीच्या अहवालात किंमतगटांनुसार विक्रीची विभागणी शोधावी. वरच्या गटांची विक्री वाढलेली आणि खालच्या गटांची घटलेली दिसली, तर मध्यकाच्या चढाचा बराच भाग त्यातूनच आलेला असतो, आणि खरेदीदाराला हव्या असलेल्या दोन खोल्यांच्या घराचा भाव कदाचित जिथे होता तिथेच असतो.