एक पौंड धान्य आणि अर्धा आणा : मदतकार्याच्या निर्वसाहतीकरणामागचा इतिहास

आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांमध्ये गेली काही वर्षं निर्वसाहतीकरणाची, म्हणजे मदतकार्यातला वसाहतकाळचा वरचष्मा मोडून निर्णय आणि पैसा स्थानिकांच्या हाती देण्याची, चर्चा जोरात आहे. 2020 मध्ये अमेरिकेतल्या वंशभेदविरोधी आंदोलनाची धग तिथवर पोहोचली. ‘मेदसँ साँ फ्राँतिए’ या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेच्या सुमारे हजार आजी-माजी कर्मचाऱ्यांनी संस्थेतल्या वंशभेदाबद्दल जाहीर निवेदन काढलं आणि मग कार्यशाळा, धोरणपत्रं यांचा हंगामच सुरू झाला. वाद जिनिव्हा-लंडनमध्ये गाजला, म्हणून तो जन्मलाही तिथेच असं वाटतं. पण ज्या यंत्रणेबद्दल हा वाद आहे, तिचे कितीतरी सुटे भाग दख्खनच्या दुष्काळी कामांवर घडले. त्यांना संघटित विरोधही इथेच झाला.

रेड क्रॉसची मूळकथा सगळ्यांना ठाऊक असते: 1859 साली सोल्फेरिनोच्या रणांगणावर हेन्री द्युनांने जखमींचे हाल पाहिले आणि त्यातून 1863 मध्ये संस्था उभी राहिली. द्युनां तिकडे गेला होता कशाला, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं. फ्रेंचांच्या ताब्यातल्या अल्जीरियात त्याचा गिरण्यांचा धंदा होता. जमीन आणि पाण्याच्या हक्कांचं घोंगडं सरकारदरबारी भिजत पडलेलं, म्हणून तो थेट सम्राट तिसऱ्या नेपोलियनला गाठायला निघाला होता. त्याची करुणा यामुळे खोटी ठरत नाही. पण करुणा आणि वसाहत पहिल्यापासून एकाच गाडीत बसलेल्या होत्या.

1876-78 च्या दुष्काळात ही गोष्ट उघडी पडली. 1 जानेवारी 1877 ला दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केलं गेलं, आणि त्याच महिन्यात व्हाइसरॉय लिटनने सर रिचर्ड टेंपलला दुष्काळी खर्चाला लगाम घालायला मद्रास आणि मुंबई इलाख्यांत पाठवलं. टेंपलची निवड मासलेवाईक होती. 1873-74 मध्ये बिहारच्या टंचाईत याच माणसाने ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून माणसं वाचवली होती, आणि त्याबद्दल उधळपट्टीचा ठपका खाल्ला होता. आता त्याला हात किती आखडता येतो हे दाखवायचं होतं.

त्याने लावलेला दर असा: धडधाकट पुरुषाला दिवसभराच्या कामाबद्दल एक पौंड, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम धान्याची किंमत, वर अर्धा आणा. आजच्या हिशेबाने त्या धान्यातून सुमारे 1,600 कॅलरी मिळतात, आणि काम होतं खडी फोडण्याचं, माती वाहण्याचं. शिवाय अंतराची अट. काम घरापासून दहा-दहा मैल लांब ठेवायचं, म्हणजे खरोखर गरजू असेल तोच येईल. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचे अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी या मापाला आकडेवारीनिशी विरोध केला. एवढ्या अन्नावर माणूस कष्टाचं काम करत जगत नाही, हे त्यांनी सरकारला पुन्हापुन्हा लिहून कळवलं आणि अखेर मद्रासेत दर वाढवावा लागला. तोवर टेंपल मुंबईचा गव्हर्नर झाला होता.

मुंबई इलाख्यात विरोध मजुरांनीच केला. नवे दर आणि लांबच्या छावण्या नाकारून हजारो लोकांनी कामं सोडली. उपाशी माणसाने मदतीविरुद्ध संप करावा, हे अधिकाऱ्यांच्या डोक्यातच बसेना. पुण्याची सार्वजनिक सभा गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काकांच्या पुढाकाराने मजुरांच्या मागे उभी राहिली. गावोगावची माहिती गोळा करून सभेने सरकारला निवेदनांवर निवेदनं पाठवली. त्याच दुष्काळात जोतीराव-सावित्रीबाईंच्या सत्यशोधक समाजाने धनकवडीला उपाशी मुलांसाठी आश्रम चालवला. त्याचं नाव व्हिक्टोरिया बालाश्रम! काळ किती गुंतागुंतीचा होता ते या नावावरून कळावं. सरकारी अंदाजानेच ब्रिटिश मुलखात 50 लाखांवर माणसं दगावली. धान्याची निर्यात चालूच होती.

या हाहाकारानंतर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला, 1880 मध्ये त्याचा अहवाल आला आणि त्यातून दुष्काळ संहिता, म्हणजे फॅमिन कोड तयार झाला. टंचाईची लक्षणं कोणती, कामं केव्हा काढायची, मजुरी किती, अपंगांना आणि म्हाताऱ्यांना फुकट अन्न कसं द्यायचं, शेतसाऱ्याला तहकुबी केव्हा, तगाई, म्हणजे शेतकऱ्यांना सरकारी कर्ज कसं, सगळं त्यात आलं. वसाहतवादाचा हा दस्तऐवज सरसकट टाकाऊ मानणाऱ्यांशी माझं पटत नाही. सरकारने एकदा लेखी नियम केले की ते त्याच्यावर उलटवताही येतात. 1896 च्या दुष्काळात टिळकांनी नेमकं तेच केलं. ‘केसरी’तून संहितेतल्या तरतुदी मराठीत समजावून सांगितल्या. सार्वजनिक सभेची माणसं गावोगाव जाऊन शेतकऱ्यांना सांगू लागली की पीक बुडालं असेल तर साऱ्याची सूट मागणं हा तुमचा हक्क आहे, भीक नव्हे. सरकार बिथरलं आणि 1897 मध्ये त्याने सभेची मान्यताच काढून घेतली.

संहितेची दुसरी बाजू 1943 मध्ये बंगालात दिसली. दुष्काळ जाहीर केला की संहितेप्रमाणे धान्य पुरवणं भाग पडलं असतं. म्हणून तो जाहीरच केला नाही. आज मृतांचा अंदाज 30 लाखांच्या आसपास सांगितला जातो.

महाराष्ट्राच्या 1972 च्या दुष्काळाकडे मी या मालिकेतला पुढचा अंक म्हणून पाहतो. सुकडी आणि अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी अजून जुन्या लोकांच्या बोलण्यात येते. मे 1973 मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख लोक होते. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, आणि जोडीला मजुरीसाठी, रेशनसाठी मोर्चे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना त्याआधीच पुढे आली होती. दुष्काळाने आणि मोर्च्यांनी तिला बळ दिलं. 1977 मध्ये कायदा झाला, 1979 पासून लागू झाला, आणि पैसा व्यवसायकरातून उभा राहिला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत दिलं नाही, तर भत्ता द्यायचा. 2005 च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याने तर काम शक्यतो गावापासून पाच किलोमीटरच्या आत असावं असं लिहिलं. टेंपलचा नियम बरोबर उलटा झाला. खडी, मस्टर, मोजमाप आणि रखडलेली मजुरी मात्र तशीच राहिली.

जगात इतरत्र ही उलथापालथ झाली नाही. रवांडाच्या निर्वासित छावण्यांतल्या गोंधळानंतर मदतसंस्थांनी 1997 पासून ‘स्फिअर’ नावाची किमान मानकं आखायला घेतली: माणशी दिवसाला 2,100 कॅलरी, 15 लिटर पाणी. टेंपलच्या पंगतीत त्यांना बसवणं अन्यायाचं होईल, कारण इथे हेतू माणूस वाचवण्याचा आहे. पण माप ठरवणारा आणि ते ज्याला लागू होतं तो, यांच्यातलं अंतर फारसं घटलं नाही. हैतीत 2010 च्या भूकंपानंतर मदतसंस्थांच्या समन्वयाच्या बैठका संयुक्त राष्ट्रांच्या कुंपणाआड आणि बऱ्याचदा इंग्रजीत होत, तर देश बोलतो क्रेओल आणि फ्रेंच. स्थानिक संघटनांना फाटकातून आत शिरणंही कठीण जाई. आपत्कालीन निधीतला जेमतेम एक टक्का हैतीच्या सरकारकडे गेला. याच देशाने स्वातंत्र्य मिळवल्याबद्दल 1825 पासून फ्रान्सला नुकसानभरपाई मोजली होती. मदतीच्या अहवालांत हे येत नाही.

2016 मध्ये इस्तंबूलच्या जागतिक मदतकार्य परिषदेत देणगीदार देश आणि मोठ्या संस्थांनी करार केला, की 2020 पर्यंत निधीतला 25 टक्के वाटा शक्य तितका थेट स्थानिक संस्थांना जाईल. मुदत उलटून गेली, तरी थेट जाणारा वाटा काही टक्क्यांतच घुटमळतो आहे. हिशेबतपासणीच्या अटी, परकी भाषेतले अर्ज आणि ‘क्षमता नाही’ हा शेरा एवढं तो वाटा अडवायला पुरतं. लंडनहून मुख्यालय नैरोबीला हलवून अर्जाचा नमुना बदलत नाही.

प्रत्यक्षात काय करता येतं याचा एक दाखला लातूर-उस्मानाबादचा आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर 52 गावं नव्या जागी वसवली गेली, सरळ रेषेतल्या वसाहतींची. दगडी वाड्यांत, अरुंद बोळांत राहिलेल्यांना ती परकी वाटली यात नवल नाही. पण घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात पैसा घरमालकाच्या हाती दिला गेला आणि प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ने गावातल्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. बांधकाम कसं चाललंय, हप्ता कुठे अडलाय, हे त्या विचारू लागल्या. 2001 मध्ये गुजरातेत भूकंप झाला, तेव्हा याच बायका तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या.

सध्या हा प्रश्न सुदानात सर्वांत तीव्र आहे, जिथे 1920 साली ब्रिटिश प्रशासनाने भारतीय संहितेच्याच धर्तीवर दुष्काळाचे नियम केले होते. एप्रिल 2023 ला युद्ध पेटलं, बहुतेक परदेशी संस्था खार्टूम सोडून गेल्या, आणि गल्लीतल्या तरुणांनी आपत्कालीन कक्ष उघडून सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली. त्यांच्याकडे पैसा येतो तो परदेशस्थ सुदानींकडून आणि मध्यस्थ संस्थांच्या छोट्या अनुदानांतून. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेने आपली मदत गोठवली आणि त्यातली शेकडो स्वयंपाकघरं बंद पडली. निर्णय वॉशिंग्टनमध्ये झाला. चूल पेटवणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं.