स्लरी साठवण अनुदान (इंग्लंड)

स्लरी साठवण अनुदान : गुरांच्या आणि डुकरांच्या गोठ्यांतून निघणारे पातळ मलमूत्र (स्लरी) निदान सहा महिने साठवून ठेवता यावे, यासाठी टाक्या, तळी व त्यांवरील आच्छादने बांधायला इंग्लंडमधील शेतकऱ्यांना मिळणारे सरकारी अर्थसाहाय्य. ‘स्लरी इन्फ्रास्ट्रक्चर ग्रँट’ हे त्याचे अधिकृत नाव. पर्यावरण, अन्न व ग्रामीण व्यवहार खात्याने (डेफ्रा) डिसेंबर २०२२ मध्ये त्याची पहिली फेरी खुली केली. अर्जांची छाननी व पैशांचे वाटप ‘रूरल पेमेंट्स एजन्सी’कडे असते. मराठीत स्लरी म्हटले की गोबरगॅस संयंत्रातून बाहेर पडणारा राडा आठवतो. येथे मात्र शेण, मूत्र, गोठा धुतलेले पाणी आणि त्यात मिसळलेले पावसाचे पाणी असे न कुजवलेले मिश्रण अभिप्रेत आहे.

इंग्लंडमध्ये गुरे उन्हाळ्यात कुरणात चरतात आणि हिवाळ्यात बहुधा गोठ्यात बांधलेली असतात. म्हणजे मलमूत्र एके ठिकाणी जमा होते ते नेमके शेताला त्याची गरज नसते तेव्हा. त्या दिवसांत जमीन पाण्याने तुडुंब किंवा गोठलेली असते, गवताची वाढ थांबलेली असते, आणि पसरलेल्या खतातला नत्र पिकाऐवजी ओढ्यात जातो. सरकारी कोष्टकानुसार वर्षाला ६,००० ते ९,००० लिटर दूध देणारी गाय दिवसाला सुमारे ५३ लिटर मलमूत्र टाकते. अशा शंभर गायींचे १८० दिवसांचे मलमूत्र ९,५४,००० लिटर भरते, आणि त्यात धुण्याचे पाणी धरलेले नाही. टाकी लहान असली की जानेवारीत ती काठोकाठ भरते आणि शेतकऱ्याला पाऊस असो वा नसो, ती शेतात उपसावीच लागते. अपुऱ्या साठवणीची खरी अडचण ही आहे. टाकी मोठी असेल तर खत कोणत्या दिवशी पसरायचे हे शेतकऱ्याच्या हातात राहते.

ओढ्यात गेलेली स्लरी किती घातक, हे तिच्या जैवरासायनिक ऑक्सिजन मागणीवरून (म्हणजे ती कुजताना पाण्यातला किती प्राणवायू खर्च होईल, यावरून) कळते. कच्च्या घरगुती सांडपाण्यात ही मागणी लिटरला सुमारे ३०० मिलिग्रॅम असते, तर गुरांच्या स्लरीत १०,००० ते २०,००० मिलिग्रॅम. त्यामुळे थोड्या गळतीनेही पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात. दुसरे नुकसान स्लरीतून हवेत उडणाऱ्या अमोनिया वायूने होते. युनायटेड किंग्डममधील अमोनिया उत्सर्जनात शेतीचा वाटा ८५ टक्क्यांहून अधिक आहे. हा अमोनिया दूरवर जाऊन पडतो आणि नत्र सोसू न शकणाऱ्या पाणथळी व माळरानांवरील वनस्पती हटवतो.

साठवणीचा कायदा अनुदानापेक्षा बराच जुना आहे. मूळ नियम १९९१ चे, सध्याचे २०१० चे. त्यांनुसार चार महिन्यांची साठवण हवी आणि टाकी ओढ्या-नाल्यांपासून किमान १० मीटर दूर हवी. १ मार्च १९९१ पूर्वीच्या टाक्यांना यातून सूट आहे. नायट्रेट-संवेदनशील क्षेत्रांत (जिथे शेतीतल्या नायट्रेटने पाणी दूषित होण्याचा धोका आहे, अशा भागांत) गुरांसाठी पाच व डुकरांसाठी सहा महिन्यांची साठवण लागते. तेथे खत पसरण्यास ‘बंदीकाळ’ही असतो. वालुकामय वा उथळ नसलेल्या जमिनीवरील गवताळ रानात तो १५ ऑक्टोबर ते ३१ जानेवारी असा आहे. मग कायद्याने जे बंधनकारक आहे, त्याच्याच जवळपासच्या गोष्टीसाठी करदात्याने पैसे का द्यावेत? ‘जो प्रदूषण करील तो भरील’ या तत्त्वाशी हे अनुदान पूर्णपणे जुळत नाही, हे मान्य करावे लागते. त्याच्या बाजूने एवढेच म्हणता येते की ते शेतकऱ्याला कायद्याच्या किमान मर्यादेच्या पुढे नेते, आणि दुधाचा भाव पडलेला असताना इतक्या खर्चाचे बांधकाम स्वतःच्या बळावर कोणी सहसा हाती घेत नाही.

पहिल्या दोन फेऱ्यांत अनुदानाची रक्कम २५,००० ते २,५०,००० पौंड होती आणि ती पात्र खर्चाच्या निम्म्यापर्यंत मिळे. पोलादी किंवा काँक्रीटच्या टाक्या, अस्तर लावलेली मातीच्या बांधाची तळी, बंदिस्त पिशव्या, स्लरीतला घन भाग वेगळा करणारी यंत्रे, पंप व नळ यांना ती लागू होती. कळप वाढवण्यासाठी लागणारी जादा जागा मात्र शेतकऱ्याने स्वखर्चाने करायची. किती जागा हवी, याचा हिशेब ‘स्लरी विझार्ड’ या गणनपत्रकावर मांडावा लागतो. मागणी इतकी आली की पहिल्या फेरीची तरतूद १.३१ कोटींवरून ३.३९ कोटी पौंडांवर न्यावी लागली. नोव्हेंबर २०२३ मधील दुसऱ्या फेरीसाठी ७.४ कोटी पौंड ठेवले गेले. अर्ज निवडताना संरक्षित अधिवासांजवळच्या शेतांना झुकते माप दिले गेले.

सर्वांत महत्त्वाची अट आच्छादनाची. नव्या साठवणीवर पाणी न झिरपणारे आच्छादन हवेच. आम्ल मिसळून स्लरीचा अमोनिया रोखला जात असेल, तरच त्यात सूट मिळते. वरवर पाहता ही अट अमोनियासाठी आहे, पण शेतकऱ्याच्या लेखी तिचा फायदा पावसाचा. १,००० चौरस मीटरच्या उघड्या तळ्यावर हिवाळ्यात ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर पाच लाख लिटर पाणी फुकट साठवावे लागते, मग ते उपसावे आणि वाहूनही न्यावे लागते. शिवाय हवेत न गेलेला नत्र खतात राहतो, म्हणजे रासायनिक खताची तेवढी खरेदी वाचते.

आच्छादनाखाली वायू साचतात, याचे भान ठेवावे लागते. स्लरी ढवळताना मोकळा होणारा हायड्रोजन सल्फाइड काही क्षणांत माणसाला बेशुद्ध करतो. म्हणून ढवळणी चालू असताना जवळच्या गोठ्यातली जनावरे बाहेर काढतात आणि आत कोणी जात नाही.

मंजुरी मिळाली तरी बांधकाम लगेच होत नाही. टाकीला बहुधा नियोजन परवानगी लागते आणि ती मिळायला महिने जातात. नवी टाकी वापरात आणण्यापूर्वी किमान १४ दिवस आधी ‘एन्व्हायर्नमेंट एजन्सी’ या सरकारी पर्यावरण संस्थेला लेखी कळवावे लागते.