विल्यम कार्लोस विल्यम्स

विल्यम्स, विल्यम कार्लोस : (१७ सप्टेंबर १८८३–४ मार्च १९६३). अमेरिकन कवी, कथाकार आणि पेशाने डॉक्टर. जन्म आणि मृत्यू न्यू जर्सी राज्यातील रदरफर्ड या गावीच. वडील जन्माने इंग्रज, आई प्वेर्तो रिकोची. त्यामुळे घरात स्पॅनिशही कानावर पडे.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकताना (पदवी १९०६) कवी एझ्रा पाउंडशी मैत्री जमली. पाउंड युरोपात गेला. विल्यम्सने मात्र रदरफर्डलाच दवाखाना थाटला आणि चाळीसएक वर्षे बाळंतपणे केली, मुलांची दुखणी पाहिली. रुग्ण बहुतेक स्थलांतरित कामगारांच्या घरचे. सवड मिळेल तेव्हा औषधांच्या चिठ्ठ्यांवरही तो ओळी खरडी. आपली भाषा पोलिश मातांच्या तोंडची, असे तो सांगे. ते खरेच आहे: छंद-यमकांचा इंग्रजी वारसा बाजूला सारून त्याने बोलण्याची लय पकडली.

कवी टी. एस. एलियटचे ‘द वेस्ट लँड’ (१९२२) हे दीर्घकाव्य त्याला अमेरिकन कवितेवर पडलेल्या अणुबाँबसारखे वाटले. कविता पुन्हा पंडितांच्या हाती गेली, ही त्याची तक्रार. पुढच्याच वर्षी ‘स्प्रिंग अँड ऑल’ हा गद्य-पद्यमिश्रित संग्रह निघाला. पावसात भिजलेली लाल हातगाडी आणि शेजारच्या पांढऱ्या कोंबड्या यांवरची प्रसिद्ध कविता त्यातलीच. आठ ओळी, सोळा शब्द. प्रत्येक कडव्यात वर तीन शब्द, खाली एक. ‘व्हीलबॅरो’ (हातगाडी) हा जोडशब्द मधेच तोडून ‘बॅरो’ खालच्या ओळीत ढकलला आहे. वाचणारा तिथे अडखळतो, आणि रोजची गाडी त्याला नव्याने दिसते. ही तोडणी मराठीत आणताना अनुवादकाचा कस लागतो. या कवितेमागे मार्शल नावाच्या एका वृद्ध कृष्णवर्णीय शेजाऱ्याची आठवण होती.

जे सांगायचे ते वस्तूंमधूनच, हे त्याचे सूत्र ‘पॅटर्सन’ या दीर्घकाव्यात येते. पाच भागांचे (१९४६–५८) हे काव्य पसेइक नदीच्या धबधब्याकाठचे औद्योगिक शहर आणि एक माणूस यांना एकरूप करते. त्यात वर्तमानपत्री मजकूर आणि लोकांची खासगी पत्रेही जशीच्या तशी येतात. सगळे भाग सारखे वठलेले नाहीत. शेवटाकडे वीण सैल होते.

१९४८ मध्ये हृदयविकाराचा झटका आला, पुढे अर्धांगवायूचे आघात झाले. लायब्ररी ऑफ काँग्रेसमधील काव्य-सल्लागारपदावर १९५२ साली नेमणूक झाली, पण साम्यवादी असल्याच्या संशयामुळे आणि आजारपणामुळे ते पद प्रत्यक्षात मिळाले नाही. याच काळात पायऱ्यांसारखी उतरणारी तीन टप्प्यांची ओळ त्याने घडवली. पत्नी फ्लॉसीला उद्देशून लिहिलेली ॲस्फोडेल फुलावरची दीर्घ कविता याच ओळीतली. ‘पिक्चर्स फ्रॉम ब्रॉइगल’ या काव्यसंग्रहाला मरणोत्तर पुलित्झर पारितोषिक मिळाले (१९६३).

‘पॅटर्सन’मधील काही पत्रे ॲलन गिन्सबर्ग या त्या शहरात वाढलेल्या तरुणाची आहेत. पुढे कवी झालेल्या या गिन्सबर्गच्या ‘हाउल’ या काव्यसंग्रहाला (१९५६) विल्यम्सनेच प्रस्तावना लिहिली. हाच गिन्सबर्ग १९६२ मध्ये मुंबईत आला.